‘हॅट्स ऑफ’वाला हार्पर नक्की कोण? रॉय हार्परबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉय हार्परबद्दलचे प्रश्न बहुतेक दोन दारांनी येतात. एक दार पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं, दुसरं लेड झेपेलिन या तशाच दुसऱ्या बँडचं. कुणीतरी रेकॉर्डच्या कव्हरवर बारीक अक्षरात त्याचं नाव वाचलेलं असतं आणि मग विचारणा सुरू होते. तिसरं दार क्रिकेटचं आहे. त्या दाराने फार कमी लोक येतात, पण मराठी माणसासाठी खरं तर तेच सगळ्यात जवळचं. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात मिसळत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रॉय हार्पर कोण? दोन ओळींत सांगा.

इंग्लंडचा गीतकार-गायक आणि गिटारवादक. जन्म १२ जून १९४१, मँचेस्टरच्या रशोम भागात. पहिला अल्बम १९६६ साली आला. गाजलेले अल्बम ‘स्टॉर्मकॉक’ (१९७१), ‘व्हॅलेंटाइन’ (१९७४), ‘एचक्यू’ (१९७५) आणि ‘बुलिनामिंगवेझ’ (१९७७). २०१३ साली, बहात्तराव्या वर्षी त्याने ‘मॅन अँड मिथ’ काढला. त्याच वर्षी बीबीसी रेडिओ २ च्या फोक (म्हणजे लोकसंगीत) पुरस्कारांत त्याला जीवनगौरव मिळाला. गंमत अशी की ‘फोक’ ही चिठ्ठी स्वतःला चिकटवलेली त्याला कधीच फारशी मानवली नाही.

२. त्याच्या गाण्यांना ‘प्रोग्रेसिव्ह फोक’ म्हणतात, ते म्हणजे काय? साध्या फोकपेक्षा त्यात वेगळं काय?

ब्रिटनमध्ये १९५०-६० च्या दशकांत लोकसंगीताचं जे पुनरुज्जीवन झालं, त्यात जुनी पारंपरिक गाणी शोधून, जशीच्या तशी गाण्याला मोठा मान होता. काही क्लबांत तर यावरून चांगलंच सोवळं-ओवळं पाळलं जाई. त्याच पिढीतल्या काही पोरांनी वाद्य तेच ठेवलं, साधी लाकडी गिटार, पण गाणी स्वतःची लिहिली. त्यांत जॅझ, ब्लूज, पाश्चात्त्य अभिजात संगीत, पुढे इलेक्ट्रिक गिटार आणि स्टुडिओतल्या करामती आल्या. बर्ट जान्श, जॉन मार्टिन, निक ड्रेक ही याच वळणावरची माणसं.

हार्परची स्वतःची भर म्हणजे लांबी. तीन मिनिटांत संपणारं गाणं त्याला पुरेना. १९६९ च्या ‘फोकजोकओपस’मधलं ‘मॅगूहन्स ब्लूज’ जवळपास अठरा मिनिटं चालतं. त्याला निमित्त ‘द प्रिझनर’ या टीव्ही मालिकेचं आणि तिच्यातल्या पॅट्रिक मॅगूहन या नटाचं. तसं हे गाणं म्हणजे एका माणसाने गिटार घेऊन समाजाशी घातलेला वाद आहे. अर्धा तास चालणारा बडा ख्याल निवांत ऐकणाऱ्यांना अठरा मिनिटांची धास्ती वाटू नये. तीन मिनिटांच्या गाण्यांवर पोसलेल्या तेव्हाच्या इंग्रजी रेडिओला मात्र ती वाटत होती.

३. त्याच्या लहानपणाविषयी बऱ्याच कहाण्या ऐकू येतात. त्यातलं खरं काय?

जन्मानंतर तीन आठवड्यांत आई गेली. वडील आणि सावत्र आई यांनी लँकेशरच्या किनाऱ्यावरच्या सेंट ॲन्स या गावात त्याला वाढवलं. सावत्र आई ‘जेहोवाज विटनेस’ या ख्रिस्ती पंथाची, कडक. धर्मावर तुटून पडणारी इतकी गाणी त्याच्याकडे का आहेत, याचं बरंचसं उत्तर त्या घरात सापडतं.

पंधराव्या वर्षी तो हवाईदलात भरती झाला. ते जमेना, म्हणून सुटका करून घेण्यासाठी त्याने वेडाचं सोंग घेतलं. सुटका झाली, पण सोंग महागात पडलं. मनोरुग्णालय आणि विजेचे झटके, दोन्ही वाट्याला आलं. त्यानंतर काही काळ तुरुंगवासही. मग गिटार घेऊन युरोपभर रस्त्यावर गात तो हिंडला. या गोष्टी रंगवून सांगण्याचा मोह अनेकांना होतो. त्याला स्वतःलाही होतो. पण सांगाडा हाच.

४. ‘लेस कझिन्स’ हे नाव सारखं येतं. ते काय होतं?

लंडनच्या सोहो भागात ४९, ग्रीक स्ट्रीटच्या तळघरातला एक छोटासा क्लब. १९६५ साली सुरू झाला. शनिवारी रात्रभर गाणं चाले. बर्ट जान्श, अल स्ट्युअर्ट, जॉन मार्टिन अशी मंडळी तिथे गात. हार्परचं बस्तान इथेच बसलं आणि इथूनच १९६६ चा पहिला अल्बम ‘सॉफिस्टिकेटेड बेगर’ निघाला.

या काळातली आणखी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. २९ जून १९६८ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये पहिला मोठा मोफत रॉक जलसा झाला. पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल, टिरॅनोसॉरस रेक्स आणि रॉय हार्पर. जलसा भरवणाऱ्या ‘ब्लॅकहिल’ कंपनीत पीटर जेनर होता. फ्लॉइडला सुरुवातीच्या काळात सांभाळणारा हा माणूस पुढे हार्परच्या अल्बमांचा निर्माता झाला. फ्लॉइडशी असलेलं नातं इतकं जुनं आहे. १९७५ साली अचानक उगवलेलं नाही (प्रश्न ८ पाहा).

५. लेड झेपेलिनचं ‘हॅट्स ऑफ टू (रॉय) हार्पर’ हे हार्परवरचं गाणं आहे का? त्यात त्याच्याबद्दल तर काहीच नाही!

बरोबर ऐकलंत, काहीच नाही. १९७० च्या ‘लेड झेपेलिन ३’मधलं ते शेवटचं गाणं. मूळ बांधणी बुका व्हाइट या अमेरिकन ब्लूज गायकाच्या ‘शेक ’एम ऑन डाउन’वरून घेतलेली. रेकॉर्डवर श्रेय ‘पारंपरिक’ असं दिलंय आणि संयोजक म्हणून ‘चार्ल्स ऑब्स्क्युअर’ हे बनावट नाव. मग हार्पर कुठून आला? तर शीर्षकातून. बाजारापुढे न वाकता आपलंच घोडं पुढे दामटणाऱ्या मित्राला केलेला तो मुजरा आहे. गाण्याचा मजकूर आणि मुजरा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

म्हणजे हार्पर कसा गातो हे कळायला या गाण्याचा शून्य उपयोग. तरी लोक याच गाण्यावरून त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि त्याचा पहिला अल्बम लावल्यावर गोंधळतात.

६. ऐकायला सुरुवात कुठून करू? सगळे ‘स्टॉर्मकॉक’ म्हणतात.

सगळे बरोबर म्हणतात, पण मी पहिल्या दिवशी तो लावायला सांगत नाही. आधी ‘अनदर डे’ ऐका. १९७० च्या ‘फ्लॅट बरोक अँड बर्झर्क’मधलं, जेमतेम तीन मिनिटांचं. जुनी प्रेयसी भेटते, चहा होतो, जे बोलायचं ते राहून जातं. मग ‘एचक्यू’मधलं क्रिकेटचं गाणं (प्रश्न ९). हे दोन्ही मानवले, तर ‘स्टॉर्मकॉक’.

‘स्टॉर्मकॉक’ हे मिसल थ्रश या पक्ष्याचं जुनं इंग्रजी नाव. वादळी हवेतही उंच फांदीवर बसून गात राहतो म्हणून ते पडलं. एलपी तबकडीवर गाणी फक्त चार. ‘ओर दव्र’ साडेआठ मिनिटांचं, ‘द सेम ओल्ड रॉक’ बाराच्या वर, ‘वन मॅन रॉक अँड रोल बँड’ सातच्या वर आणि ‘मी अँड माय वुमन’ तेरा मिनिटांचं. पहिल्या गाण्यामागे कॅलिफोर्नियात बारा वर्षं फाशीच्या कोठडीत काढून १९६० साली मारल्या गेलेल्या कॅरिल चेसमनचा संदर्भ आहे. गाण्याचा रोख न्यायाधीशांकडे आहे आणि टीकाकारांकडेही.

यातलं मोठेपण कुठे आहे ते सांगतो. गाण्यांत ड्रम जवळजवळ नाहीत. ठेका गिटारनेच धरायचा, आणि त्या गिटारवर हार्परचाच आवाज एकावर एक चढवत नेलेला. ‘द सेम ओल्ड रॉक’च्या उत्तरार्धात हे आवाज इतके दाटतात की एकटा माणूस गातोय हे विसरायला होतं. ‘मी अँड माय वुमन’मध्ये संगीतकार डेव्हिड बेडफर्डने वाद्यवृंद बांधलाय. पण तो पुरणपोळीवर तुपाची धार धरावी तसा वरून ओतलेला नाही. गाणं वळण घेतं तिथेच तो येतो, काम झालं की निघून जातो. एकच मुखडा पुनःपुन्हा येत नाही. एक भाग संपतो, दुसरा उघडतो, आणि पहिल्याची आठवण खूप उशिरा परत येते. हेडफोन लावून, फोन बाजूला ठेवून ऐकावा असा अल्बम आहे. स्वयंपाक करताना लावलात तर फुकट जाईल.

७. ‘द सेम ओल्ड रॉक’मध्ये जिमी पेज वाजवतो म्हणतात. कव्हरवर त्याचं नाव कुठेच नाही.

आहे, पण वेशांतर करून. ‘एस. फ्लेव्हियस मर्क्युरियस’ म्हणजेच लेड झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज. दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी करार असलेल्या वादकाला उघड नाव लावता येत नसे, म्हणून अशी टोपणनावं चालत. पुढे मात्र लपवाछपवी उरली नाही. १४ फेब्रुवारी १९७४ ला लंडनच्या रेनबो थिएटरात ‘व्हॅलेंटाइन’साठी कार्यक्रम झाला, तेव्हा पेज, रॉनी लेन आणि ‘द हू’चा कीथ मून हार्परबरोबर रंगमंचावर होते. १९८५ चा ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टू जुगुला?’ तर हार्पर आणि पेज या जोडीचाच म्हणायला हरकत नाही.

८. पिंक फ्लॉइडचं ‘हॅव अ सिगार’ खरंच हार्पर गातो? तो बँडमध्ये होता का?

गातो. आणि नाही, बँडमध्ये कधीच नव्हता.

१९७५ साली ॲबी रोडच्या एका स्टुडिओत फ्लॉइड ‘विश यू वेअर हिअर’ करत होते आणि दुसऱ्या स्टुडिओत हार्पर ‘एचक्यू’. फ्लॉइडचा गिटारवादक डेव्हिड गिलमर याची इकडून तिकडे ये-जा होतीच. ‘एचक्यू’मधल्या ‘द गेम’ या तेरा मिनिटांच्या गाण्यात तो वाजवतो, सोबत झेपेलिनचा जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवर बिल ब्रुफर्ड. इकडे फ्लॉइडचा गायक रॉजर वॉटर्स याचा आवाज बसला होता आणि ‘हॅव अ सिगार’ त्याच्या गळ्यातून मनासारखं उतरेना. गिलमरला ते गायचं नव्हतं. हार्पर शेजारीच होता. तो म्हणाला, मी गातो.

गाणं आहे रेकॉर्ड कंपनीच्या साहेबाच्या तोंडचं. हा साहेब पोरांना सिगार देतो, पाठ थोपटतो, आणि तुमच्यातला ‘पिंक’ कोण असं विचारतो, इतकी त्याला त्यांची माहिती! हार्परने तो तुपकट कावेबाजपणा आवाजात असा आणला की आजही अनेकांना तो वॉटर्सच वाटतो. वॉटर्सला मात्र पुढे, आपणच गायला हवं होतं, अशी चुटपुट लागून राहिली.

मोबदल्याची गोष्ट हार्परच सांगत आलाय. पैशांऐवजी त्याने लॉर्ड्स मैदानाचा तहहयात पास मागितला. तो काही मिळाला नाही. ५ जुलै १९७५ ला नेबवर्थच्या मैदानावर त्याने फ्लॉइडबरोबर हे गाणं प्रत्यक्ष गायलं. त्याच दिवशी रंगमंचावर घालायचे कपडे सापडेनात, म्हणून भडकून त्याने एका व्हॅनची मोडतोड केली, हेही नोंदलेलं आहे.

९. क्रिकेटचं गाणं कोणतं? आणि त्याचा सुनील गावसकरांशी काय संबंध?

गाणं ‘व्हेन ॲन ओल्ड क्रिकेटर लीव्ह्ज द क्रीज’, ‘एचक्यू’चा शेवट. गावसकरांचा संबंध आडवळणाचा आहे, पण आहे.

आधी गाणं. संध्याकाळ झालीय, खेळ संपत आलाय, एक म्हातारा खेळाडू क्रीज सोडून निघालाय. बाद होऊन की आयुष्यातूनच, हे गाणं स्पष्ट करत नाही. तो गेल्यावरही सिली मिड-ऑनला क्षणभर बारावा गडी उभा दिसतो. क्रिकेट कळणाऱ्याला यातली मेख लगेच कळेल. बारावा गडी मैदानात असतो तो दुसऱ्या कुणाच्या तरी जागी. गाण्यात ‘जेफ’ आणि ‘जॉन’ ही दोन नावं येतात. म्हणजे जेफ बॉयकॉट आणि वेगवान गोलंदाज जॉन स्नो. गाणं आलं तेव्हा बॉयकॉट स्वतःच कसोटी क्रिकेटपासून दूर राहिला होता. १९७४ ते १९७७ तो खेळलाच नाही.

आता जॉन स्नो. जुलै १९७१, लॉर्ड्स, भारताविरुद्धची पहिली कसोटी. फारुख इंजिनिअरच्या हाकेवर गावसकर चोरटी धाव घेत असताना स्नोने त्यांना खांद्याने धक्का दिला. गावसकर पडले, बॅट हातातून सुटली. शिक्षा म्हणून स्नोला पुढच्या कसोटीतून वगळलं. ऑगस्टमध्ये ओव्हलवर तो परत आला, आणि ती कसोटी अजित वाडेकरांच्या संघाने चार गडी राखून जिंकली. भारताचा इंग्लंडमधला पहिला कसोटी विजय. आपल्या घराघरांत तो उन्हाळा वाडेकर-गावसकर-चंद्रशेखर यांचा म्हणून सांगितला जातो आणि स्नो त्या गोष्टीतला खलनायक. हार्परच्या गाण्यात तोच स्नो मावळतीच्या उन्हात परतणारा, हळहळ वाटावी असा माणूस आहे. दोन्ही चित्रं एकाच माणसाची. गाणं ऐकताना मला ती बॅट घरंगळत गेलेली दिसतेच, इलाज नाही.

गाण्याचा प्राण आहे ब्रास बँड. यॉर्कशरमधल्या ग्राइमथॉर्प कोळसाखाणीचा बँड, संयोजन पुन्हा डेव्हिड बेडफर्डचं. उत्तर इंग्लंडात खाणी-गिरण्यांच्या कामगारांचे असे बँड पिढ्यान् पिढ्या चालत आले. क्रिकेटचा हिरवा, सुखवस्तू इंग्लंड आणि हा काळवंडलेला कामगारांचा इंग्लंड गाण्यात शेजारी येऊन बसतात. २००४ साली रेडिओ निवेदक जॉन पील गेला, तेव्हा त्याचा सहकारी अँडी कर्शॉ याने त्याला निरोप देताना हेच गाणं वाजवलं.

१०. ‘वॉटफर्ड गॅप’ हे गाणं माझ्या ‘बुलिनामिंगवेझ’च्या एलपीवर नाही. प्रत खोटी आहे का?

खोटी नाही, नंतरची आहे. वॉटफर्ड गॅप हा एम-वन महामार्गावरचा, १९५९ पासूनचा थांबा. दौऱ्यावरचे सगळे गायक-वादक अपरात्री तिथेच खायचे. हार्परने तिथल्या खाण्याची यथेच्छ टिंगल करणारं गाणं लिहिलं. चालवणाऱ्या ‘ब्लू बोर’ कंपनीने हरकत घेतली आणि गाणं काढून त्या जागी ‘ब्रेकफास्ट विथ यू’ घालण्यात आलं. पुढच्या सीडी आवृत्त्यांवर मूळ गाणं परत आलंय. एसटीच्या थांब्यावरचा वडा खाल्लेल्या कुणालाही गाण्याचा आशय समजावून सांगावा लागणार नाही.

याच अल्बममधल्या ‘वन ऑफ दोज डेज इन इंग्लंड’मध्ये पॉल आणि लिंडा मॅकार्टनी मागे गातात. सिंगल म्हणून, म्हणजे सुटी छोटी रेकॉर्ड म्हणून, निघालेला पहिला भाग छोटा आणि गोड. एलपीवर भाग २ ते १० एकसलग, जवळजवळ पूर्ण बाजू भरून.

११. ‘आय हेट द व्हाइट मॅन’ हे गाणं द्वेष पसरवणारं नाही का?

शीर्षक वाचून तसं वाटतं. गाणारा स्वतः गोरा आहे, हे विसरू नका. वसाहती, वर्णद्वेष आणि ‘आम्ही सुधारलेले’ हा तोरा यांच्यावरचा तो संताप आहे, आणि त्यात तो स्वतःला वगळत नाही. ‘फ्लॅट बरोक अँड बर्झर्क’वर आहे ते लेस कझिन्समधलं थेट ध्वनिमुद्रण (प्रश्न ४). गाण्याआधीचं त्याचं लांबलचक बोलणंही ठेवलंय. कार्यक्रमात तो असाच बोलत सुटे. काहींना ते गाण्याइतकंच आवडे, काही घड्याळ बघत.

१२. एवढी मोठी मंडळी मित्र, मग हा स्वतः का गाजला नाही?

नशीब वगैरे मला पटत नाही. बारा मिनिटांची गाणी, सिंगलची फिकीर नाही, देवाधर्माला शिव्या, आणि रेकॉर्ड कंपनीशी सतत कुरबुर. हे सगळं त्याने डोळे उघडे ठेवून केलं. प्रकृतीचाही भाग होता. त्याला रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक विकार आहे. १९७३ चा ‘लाइफमास्क’ त्याने आपलं हे शेवटचंच असं समजून मृत्युपत्रासारखा केला. त्यातलं ‘द लॉर्ड्स प्रेअर’ एलपीची एक अख्खी बाजू व्यापतं. शिवाय अमेरिकेत त्याचा नीट जम कधी बसलाच नाही. १९९० च्या दशकात त्याने ‘सायन्स फ्रिक्शन’ ही स्वतःची कंपनी काढून जुने अल्बम पुन्हा बाजारात आणले, आणि ऐकणारी नवी पिढी तिथून मिळाली.

१३. त्याचा प्रभाव नक्की कुणावर दिसतो? नावं सांगा, नुसतं ‘अनेकांवर’ नको.

जेथ्रो टलचा इअन अँडरसन त्याचं ऋण उघड मानतो. ‘द ड्रीम सोसायटी’ (१९९८) मध्ये त्याची बासरी आहे. ‘द स्मिथ्स’ बँडचा गिटारवादक जॉनी मार ‘स्टॉर्मकॉक’ची तारीफ करताना थकत नाही. गायिका केट बुशने १९७९ च्या आपल्या टीव्ही कार्यक्रमात पीटर गेब्रिएलबरोबर ‘अनदर डे’ गायलं. पुढच्या वर्षी हार्परच्या ‘द अननोन सोल्जर’मध्ये ती गायली आणि तिच्या ‘ब्रीदिंग’मध्ये तो. १९८४ मध्ये ‘धिस मॉर्टल कॉइल’ या गटाने तेच ‘अनदर डे’ एलिझाबेथ फ्रेझरच्या आवाजात केलं. तिघांच्या आवृत्त्या एकामागून एक ऐकून बघा. चाल तीच, पण प्रत्येक वेळी खोलीतलं तापमान बदलतं.

सगळ्यात खोल ठसा मात्र अमेरिकेची गायिका जोआना न्यूसम हिच्यावर. २००६ च्या तिच्या ‘ईस’ या अल्बममध्ये गाणी पाचच, सगळी लांब, एक सोडून बाकी वाद्यवृंदासह. ‘स्टॉर्मकॉक’ची ती सख्खी भाची म्हणायला हवी. २००७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिच्या कार्यक्रमाआधी हार्परने अख्खा ‘स्टॉर्मकॉक’ गायला. तेव्हा तो ६६ वर्षांचा होता.

१४. बेन हार्पर आणि निक हार्पर त्याचेच का?

निक हा मुलगा, स्वतः उत्तम गिटारवादक. अमेरिकन बेन हार्परशी काही नातं नाही.

१५. एकच अल्बम दोनदा विकत घेतला गेला. हे कसं टाळू?

यात तुम्ही एकटे नाही. ‘एचक्यू’ अमेरिकेत ‘व्हेन ॲन ओल्ड क्रिकेटर लीव्ह्ज द क्रीज’ या नावाने निघाला, कव्हरही वेगळं. ब्रिटिश कव्हरवर हार्पर पाण्यावरून चालतो. ‘सॉफिस्टिकेटेड बेगर’ पुढे ‘द रिटर्न ऑफ’ लावून पुन्हा आला. ‘डिसेंडंट्स ऑफ स्मिथ’चं नंतर ‘गार्डन ऑफ युरेनियम’ झालं. तेव्हा जुन्या बाजारात नाव वाचून नव्हे, गाण्यांची यादी वाचून घ्या. ‘बुलिनामिंगवेझ’ दिसला, तर आधी उलटून ‘वॉटफर्ड गॅप’ आहे का बघा (प्रश्न १०). असेल, तर फार घासाघीस करू नका.